उंटिणीच्या दुधाचे दही का लागत नाही?

मराठी माणसाची उंटिणीशी ओळख होते ती इतिहासाच्या पुस्तकात, आणि तीही सांडणी या नावाने. खलिते घेऊन शेकडो कोस दौडणारे सांडणीस्वार आपण वर्गात शिकवतो. पण ही सांडणी दूधही देते आणि त्या दुधावर काही समाज पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत, हे सांगायचे राहून जाते. दूध म्हटले की गाय, म्हैस, फार तर शेळी, एवढ्यावर आपली यादी संपते.

गेल्या काही वर्षांत मात्र हे दूध शहरांतून बाटलीत आणि भुकटीच्या डब्यात मिळू लागले आहे. त्याच्याबरोबर दावेही आले आहेत. मधुमेह बरा होतो, स्वमग्न मुले सुधारतात, रोगप्रतिकारशक्ती वाढते, असे सांगितले जाते. विद्यार्थी आणि पालक शिक्षकांना याविषयी विचारतात. उत्तर द्यायचे तर या दुधाची रचना ठाऊक हवी. तिच्यापर्यंत पोहोचण्याची चांगली वाट स्वयंपाकघरातून जाते. उंटिणीच्या दुधाला विरजण लावले, तर ते आंबते खरे, पण आपल्या ओळखीचे घट्ट, सुरीने कापता येईल असे दही काही लागत नाही. त्याचे लोणी काढणे कठीण, चीज करणे त्याहून कठीण. दुधाच्या या ‘हट्टीपणा’त त्याचे पोषणमूल्यही दडलेले आहे आणि त्याचे अर्थकारणही.

वाळवंटातले पाणी

जगात साडेतीन कोटींहून अधिक उंट आहेत. त्यातले बहुसंख्य पाठीवर एकच मदार असलेले. सर्वाधिक उंट आफ्रिकेच्या पूर्व भागात, विशेषतः सोमालिया, सुदान, केनिया आणि इथिओपिया या देशांत आहेत. भारतातले उंट मुख्यतः राजस्थान आणि गुजरातमध्ये आढळतात. मदारीत पाणी साठवलेले असते हा समज अजूनही पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात असतो. मदारीत असते ती चरबी. उंट पाणी साठवत नाही, तो ते वाचवतो.

हे वाचवणे कसे होते, याचा एक हिशोब नववी-दहावीच्या वर्गात करून घेता येतो. नट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात उंटांवर मोजमापे घेतली. तहानलेल्या उंटाच्या शरीराचे तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ४० अंशांच्या वर चढते, असे त्यांना आढळले. आपले तापमान एवढे चढले तर आपण दवाखाना गाठू. समजा, उंटाचे वजन ५०० किलो आहे आणि तापमान ६ अंशांनी वाढले. शरीराची विशिष्ट उष्णता ०.८ धरली, तर साठवलेली उष्णता २४०० किलोकॅलरी होते. एवढी उष्णता घाम गाळून बाहेर टाकायची, तर एका लिटरला सुमारे ५८० किलोकॅलरी या दराने चार लिटरांहून अधिक पाणी खर्ची पडले असते. उंट ते खर्च करत नाही. साठलेली उष्णता रात्रीच्या गार हवेत फुकट निघून जाते.

अशा कंजूस प्राण्याने दुधाच्या बाबतीत काय करावे? पाण्याची टंचाई असेल तेव्हा दूध घट्ट आणि थोडे व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात उलटे घडते. याजिल आणि एट्झियन या संशोधकांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंटिणींना मोजकेच पाणी दिले होते. तेव्हा त्यांच्या दुधातील पाण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेले आणि स्निग्धांश चार टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास उतरला. आई स्वतः तहानलेली असताना पिल्लाला अधिक पातळ दूध पाजते. वाळवंटातल्या पिल्लाला अन्नाइतकीच पाण्याची गरज असते आणि त्याला पाणी मिळण्याचा मार्ग आईच्या सडांतूनच आहे. उन्हाळ्यात हे दूध चवीला खारट का लागते, याचेही कारण यात आहे. पाणी कमी पडले की दुधातील दुग्धशर्करा घटते आणि क्षार वाढतात. शिवाय उंट चरतो त्या खाऱ्या झुडपांचाही चवीवर परिणाम होतो.

एरवी हे दूध अंकांनी पाहता गाईच्या दुधाच्या फार जवळचे आहे. प्रथिने तीन टक्क्यांच्या आसपास, दुग्धशर्करा साडेचार, स्निग्धांश जात आणि चाऱ्यानुसार दोनपासून पाच टक्क्यांपर्यंत. वेगळेपण ठळकपणे दिसते ते क जीवनसत्त्वात. लिटरमागे साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट. जिथे महिनोन्‌महिने हिरवी भाजी किंवा फळ दिसत नाही, तिथे एवढे क जीवनसत्त्व मोलाचे असते. मात्र हाच मुद्दा पुण्या-मुंबईतल्या जाहिरातीत आला की हसू येते. आपल्याकडच्या शंभर ग्रॅम पेरूत पाच लिटर उंटिणीच्या दुधाइतके क जीवनसत्त्व असते.

केसीनचे गोळे आणि त्यांवरची लव

आता दह्याकडे वळू. दुधातील मुख्य प्रथिन केसीन. ते सुटे तरंगत नाही, त्याचे सूक्ष्म गोळे असतात. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर कप्पा-केसीन नावाच्या प्रकाराची जणू लव उगवलेली असते. ही लव ऋणभारित असल्यामुळे गोळे एकमेकांना दूर सारतात आणि दूध प्रवाही राहते. दही लागताना जिवाणू आम्ल तयार करतात, लवेवरचा भार नाहीसा होतो आणि गोळे एकमेकांना चिकटून जाळे बनते. पाणी या जाळ्यात अडकले की आपण म्हणतो, दही लागले.

गाईच्या दुधात केसीनपैकी सुमारे १३ टक्के कप्पा-केसीन असते, उंटिणीच्या दुधात जेमतेम साडेतीन टक्के. कप्पा-केसीन कमी म्हणजे गोळ्यांचे एकूण पृष्ठफळ कमी. पृष्ठफळ कमी म्हणजे गोळे संख्येने थोडे पण आकाराने मोठे. उंटिणीच्या दुधातील गोळ्यांचा व्यास गाईच्या दुधातील गोळ्यांच्या दुपटीहून अधिक असतो. थोड्या मोठ्या दगडांनी भिंत रचली तर तिला फटी राहतात. तसे हे जाळे विरळ आणि नाजूक होते, पाणी धरून ठेवत नाही.

दुसरे कारण अधिक रंजक आहे. दही लावण्यापूर्वी आपण दूध तापवतो ते केवळ जंतू मारण्यासाठी नव्हे. तापवल्यावर पाणीदार भागातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उलगडते आणि केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटते. त्यामुळे दह्याचे जाळे मजबूत होते. उंटिणीच्या दुधात हे प्रथिन नसतेच. ते आईच्या दुधातही नसते. म्हणून दूध कितीही आटवले, तरी या बाबतीत फरक पडत नाही.

ज्या अभावामुळे दही बिघडते, तोच अभाव काही मुलांच्या कामी येऊ शकतो. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्या अनेक बालकांचे शरीर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनविरुद्ध प्रतिक्रिया देत असते. त्यांच्यापैकी काहींना उंटिणीचे दूध सोसते. मात्र अ‍ॅलर्जी केसीनचीही असू शकते, म्हणून हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. आणि दुग्धशर्करा न पचणे ही वेगळी गोष्ट आहे. ती शर्करा या दुधातही भरपूर असते. हे दोन प्रश्न जाहिरातींत नेहमी एकत्र कालवलेले दिसतात.

चीज करताना आम्लाऐवजी रेनेट वापरतात. वासराच्या जठरातून मिळणारे कायमोसिन हे त्यातले मुख्य विकर. ते कप्पा-केसीनची लव एका ठरावीक जागी छाटते. गाईच्या कप्पा-केसीनमध्ये ही जागा १०५ आणि १०६ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये आहे, उंटिणीच्या कप्पा-केसीनमध्ये ९७ आणि ९८ यांच्यामध्ये आणि शेजारपाजारची रचनाही वेगळी. त्यामुळे वासराची कात्री उंटिणीच्या दुधावर नीट चालत नाही. स्वाभाविकच प्रश्न येतो, की उंटाच्या पिल्लाची कात्री गाईच्या दुधावर चालेल का? उत्तर अनपेक्षित आहे. उंटाच्या कायमोसिनचे जनुक अ‍ॅस्परजिलस या बुरशीत घालून ते विकर तयार करण्यात आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते गाईचे दूध खुद्द गाईच्या कायमोसिनपेक्षा ७० टक्के अधिक कार्यक्षमतेने गोठवते, आणि इकडे तिकडे नको तिथे प्रथिने तोडण्याचे त्याचे प्रमाणही पुष्कळ कमी आहे. आज हे विकर व्यापारी प्रमाणावर विकले जाते. म्हणजे गाईच्या दुधाचे चीज खाताना ते उंटाच्या जनुकाच्या आणि एका बुरशीच्या मदतीने घडलेले असण्याची शक्यता आहे.

लोण्याची अडचण निराळी. गाईच्या कच्च्या दुधात एक प्रथिन स्निग्ध गोलिकांना एकत्र जुळवते, त्यामुळे त्यांचे पुंजके होऊन साय लवकर वर येते. उंटिणीच्या दुधात हे जुळवणारे प्रथिन नसते आणि गोलिकाही लहान असतात. हा मुद्दा वर्गात दाखवायला उंटीण लागत नाही, कारण शेळीच्या दुधाचीही हीच स्थिती आहे. गाय, म्हैस आणि शेळी यांचे कच्चे, ताजे दूध तीन उभ्या परीक्षानळ्यांत घालून रात्रभर शीतकपाटात ठेवा. सकाळी सायीचे थर मोजा. (पिशवीतले दूध घेऊ नका. त्यातल्या गोलिका यंत्राने बारीक केलेल्या असू शकतात.) म्हशीच्या दुधातही जुळवणारे प्रथिन नाही, तरी साय चांगली येते, कारण तिथल्या गोलिकाच मोठ्या. मुलांना हे स्वतः शोधून काढू द्यावे.

दावे आणि पुरावे

मधुमेहाच्या दाव्यामागे काहीच नाही असे नाही. बिकानेरच्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. आर. पी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे यावर काम केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे २४ रुग्ण होते. त्यातल्या १२ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर रोज अर्धा लिटर उंटिणीचे दूध दोन वर्षे देण्यात आले. या गटात इन्सुलिनची सरासरी गरज सुमारे ३२ युनिटांवरून १७ युनिटांवर आली. निष्कर्ष लक्ष वेधून घेणारा आहे. पण बारा माणसे म्हणजे बारा माणसे. दुधाची चव आणि वास ओळखू येत असल्यामुळे कोण काय पीत आहे हे लपवणेही अवघड. निरनिराळ्या ठिकाणी, शेकडो रुग्णांवर असेच आढळल्याखेरीज याला उपचार म्हणता येणार नाही. उंट पाळणाऱ्या रायका समाजात मधुमेह जवळजवळ आढळत नाही, हे निरीक्षणही पुढे केले जाते. तथापि रायका रोज कळपामागे कित्येक किलोमीटर चालतात. त्यांच्या आरोग्याचे श्रेय दुधाला किती आणि पायांना किती, हे अशा पाहणीतून वेगळे काढता येत नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन दुधाच्या भरवशावर थांबवले, तर काही दिवसांत जिवावर बेतू शकते. हे पालकांना शिक्षकांनी अगदी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

स्वमग्नतेविषयीचे अभ्यासही असेच छोटे आणि अल्प मुदतीचे आहेत. रोगप्रतिकारशक्तीचा दावा एका खऱ्याखुऱ्या शोधावर बेतलेला आहे. १९९३ मध्ये ब्रुसेल्सच्या रेमंड हॅमर्स यांच्या गटाने दाखवले, की उंटाच्या रक्तात नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबरच हलक्या साखळ्या नसलेले, सुटसुटीत प्रतिपिंडही असतात. त्यांच्या टोकाच्या लहानशा तुकड्यापासून औषधे घडवता येतात आणि त्यातले पहिले, कॅप्लासिझुमॅब, २०१८ मध्ये युरोपात मान्य झाले. पण ते औषध जिवाणूंकडून तयार करून घेतले जाते आणि टोचून द्यावे लागते. दूध पिऊन ते मिळत नाही.

आणखी एक गैरसमज धोक्याचा आहे. ‘औषधी गुण टिकावेत’ म्हणून हे दूध कच्चेच प्यावे, असा सल्ला दिला जातो. ब्रुसेलोसिस हा आजार कच्च्या दुधातून माणसाला होतो. २०१२ मध्ये सौदी अरेबियात आढळलेला मर्स विषाणूही एक मदारीच्या उंटांत वास करतो. जागतिक आरोग्य संघटनेने या दुधाच्या बाबतीतही तापवून पिण्याचाच सल्ला दिला आहे.

दूध, पिल्लू आणि पैसा

१९९२ च्या पशुगणनेत भारतात दहा लाखांहून अधिक उंट होते. २०१२ मध्ये ते चार लाख राहिले आणि २०१९ मध्ये अडीच लाख. कारणे सर्वांना दिसतात. ओझे वाहायला ट्रक आले, नांगराला ट्रॅक्टर आला, कालव्यांमुळे चराऊ रानांची शेते झाली आणि उंटाला मागणी उरली नाही. राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी घोषित केले आणि २०१५ मध्ये त्याच्या कत्तलीवर बंदी घालून राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. हेतू चांगला होता. पण रायकांचे उत्पन्न नर पिल्ले विकण्यावर होते, आणि गिऱ्हाईकच नाहीसे झाल्यावर पुष्करच्या बाजारात त्यांना मातीमोल भाव येऊ लागला. ज्या जनावरापासून मालकाला काही मिळत नाही, ते केवळ सन्मानावर टिकत नाही, असे मला वाटते. सध्या तरी उंट पाळण्याचे नवे कारण म्हणून दुधाखेरीज दुसरे काही डोळ्यांसमोर येत नाही.

ही वाट सोपी नाही. परंपरेने रायका दूध विकत नसत. ते विकणे म्हणजे पोर विकण्यासारखे मानले जाई. ही मर्यादा आता बरीच सैल झाली आहे. निसर्गाची मर्यादा मात्र सैल होणारी नाही. उंटिणीचा गर्भकाळ तेरा महिन्यांचा, त्यामुळे ती साधारण दोन वर्षांतून एकदा विते. तिच्या कासेत दुधाचा साठा फार थोडा असतो. पिल्लाने तोंड लावले की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि पान्हा येतो, तोही जेमतेम दीड-दोन मिनिटे. दोन सड पिल्लाला, दोन माणसाला, अशी वाटणी करून गुराखी एका पायावर उभा राहतो, दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर भांडे ठेवतो आणि दोन्ही हातांनी झपाट्याने धार काढतो. पिल्लू मेले की बहुधा दूधही आटते. म्हणजे लोभाने पिल्लाला उपाशी ठेवणाऱ्याचे नुकसान लगेच होते.

विद्यार्थ्यांना हिशोब घालता येईल. समजा, कळपात ४० मोठ्या उंटिणी आहेत आणि त्यातल्या १५ दुधात आहेत. दिवसाला चार-पाच लिटर दुधातून पिल्लाचा वाटा सोडून प्रत्येकीचे दोन लिटर विकायला मिळाले, तर तीस लिटर होतात. लिटरला ५० रुपये धरले तर दिवसाचे १५०० रुपये. रक्कम वाईट नाही. पण हा कळप आज इथे, तर आठवड्याने वीस किलोमीटर पलीकडे. गाईच्या दुधाची सहकारी व्यवस्था उभी आहे ती गाय गावात राहते या गृहीतावर. इथे तीस लिटरांसाठी शीतटाकीची गाडी रणात पाठवावी लागते. त्यात हे दूध अतिउच्च तापमानाची प्रक्रिया सोसत नाही. १३०-१४० अंशांना ते काही मिनिटांत फुटते, आणि पुन्हा संशय त्या कमी पडणाऱ्या कप्पा-केसीनवर आणि नसलेल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनवरच येतो. त्यामुळे महिनोन्‌महिने टिकणारी खोकी भरणे अवघड. उरते पाश्चरीकरण केलेली, थोडे दिवस टिकणारी बाटली किंवा महागडी भुकटी.

कच्छमध्ये या अडचणींवर बऱ्यापैकी तोड निघाली. तिथे फकिरानी जत आणि रबारी हे समाज उंट पाळतात. त्यांच्याकडच्या खाराई जातीचे उंट समुद्राच्या भरतीत पोहत जाऊन खारफुटीवर चरतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये उंटिणीच्या दुधाची मानके ठरवली. त्यानंतर कच्छच्या जिल्हा सहकारी दूध संघाने संकलन वाढवले आणि जानेवारी २०१९ मध्ये अमूलने अर्ध्या लिटरची बाटली ५० रुपयांना बाजारात आणली. हा भाव त्या वेळच्या गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट होता. राजस्थानात पाली जिल्ह्यातील सादडी येथे एक छोटी डेअरी दूध गोठवून दूरच्या गावांना पाठवते. बिकानेरला १९८४ पासून उंटांवर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र आहे. तिथे दुधाची कुल्फी, चहा, सुगंधी दूध असे पदार्थ तयार करून पाहिले गेले. दह्याचा नाद सोडून कुल्फीकडे वळणे मला शहाणपणाचे वाटते, कारण कुल्फीला जाळे लागत नाही.

विदर्भातल्या शिक्षकांना उंटीण पाहण्यासाठी कच्छ गाठण्याची गरज नाही. कच्छी रबारींचे तांडे मेंढ्या आणि उंट घेऊन वर्षानुवर्षे तिकडे येतात. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात त्यांचे ५८ उंट कत्तलीसाठी नेले जात असल्याच्या संशयावरून ताब्यात घेण्यात आले होते. पुढे न्यायालयाने ते मालकांना परत देण्याचा आदेश दिला. तांड्यावर उंट मुख्यतः बिऱ्हाड वाहण्यासाठी असतात आणि दूध घरच्यापुरते. शाळेजवळ असा तांडा उतरला, तर मालकाची परवानगी घेऊन मुलांना धार काढण्याच्या वेळी न्यावे. घड्याळ बरोबर असू द्यावे. पिल्लाने तोंड लावल्यापासून किती सेकंदांनी पान्हा येतो आणि तो किती वेळ टिकतो, याची नोंद त्यांना सहज करता येईल.